वाण्याच्या वहीतली ‘मराठी मने’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात, जे. पी. नगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी चार शब्द बोलावेत, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. गणेशोत्सवाचा इतिहास, नाट्यशाखेची कामगिरी, वाचनालयाची जडणघडण हे विषय अधिकारी व्यक्तींच्या वाट्याला आधीच गेले होते. आमच्यासाठी काय उरले, याचा विचार करीत असता स्वयंपाकघरातील डब्यांच्या फळीकडे दृष्टी गेली आणि विषय सापडला. आज आम्ही वाणसामानाविषयी बोलणार आहोत. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी हा विषय कोणास किरकोळ वाटेल. परंतु परमुलखात आलेले कुटुंब पहिल्या दिवशी नाटकाला जात नाही, ते मीठ-मिरची आणावयास जाते. तेथे त्याचे स्वागत कसे होते, यावर त्याचे पुढील कितीतरी अवलंबून असते.

मराठी माणूस बंगळुरास नवा नाही. १६३८ नंतर शहाजीराजांचा येथे मुक्काम होता, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या येथे येण्याचे कारण तो नव्हे. आपण आलो ते कारखान्यांमुळे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला, तो आजचा एच. ए. एल. पुढे १९४८ मध्ये दूरध्वनीयंत्रांचा, १९५३ मध्ये घड्याळांसाठी पुढे प्रसिद्ध झालेला एच. एम. टी., १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे कारखाने एकामागून एक उभे राहिले आणि पुणे, सांगली, नाशिक, नागपूर येथील पदवीधर तरुण बदलीच्या किंवा नेमणुकीच्या पत्रासह येथे उतरू लागले. आम्हीही त्यांतलेच. १९८३ साली आम्ही उभयता जे. पी. नगरात राहावयास आलो, तेव्हा लोकनायक जयप्रकाशांचे नाव धारण करणारी ही वसाहत अर्धी घरांची आणि अर्धी मोकळ्या भूखंडांची होती. संध्याकाळी सारक्कीच्या तळ्याकडून बेडकांचा आवाज येई. बाजारहाटासाठी जयनगरचा चौथा ब्लॉक किंवा बसवनगुडीचा गांधी बाजार गाठावा लागे.

त्या काळी घराकडून निघताना प्रत्येकाजवळ एक पत्र्याची पेटी असे. मिरजेस गाडी बदलून मीटरगेजच्या डब्यात ती चढविताना हमाल विचारीत असे, “साहेब, आत दगड आहेत काय?” आत असे गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कडवे वाल, कोकम, सांडगे, आंबेमोहोर तांदूळ आणि बरणीत घट्ट बांधलेले लोणचे. आईने किंवा सासूबाईंनी प्रत्येक पुडीवर नाव लिहून दिलेले असे. ही पेटी सुमारे तीन महिने पुरे. चौथ्या महिन्यापासून आमटीची चव आणि घराची आठवण यांचा संबंध अधिकच जवळचा होत असे.

ही अडचण ओळखून आपल्या मंडळाने जो उपक्रम सुरू केला, त्याची नोंद आजच्या अंकात कोठेतरी राहावी अशी आमची इच्छा आहे. दसऱ्याच्या सुमारास सभासदांच्या याद्या गोळा होत. पुण्याच्या घाऊक बाजारातून माल भरून लॉरीने येथे येई. एका ज्येष्ठ सभासदांच्या मोटारीच्या गाळ्यात सतरंज्या अंथरल्या जात, मध्ये मंडळाचा तराजू टांगला जाई, आणि रविवारी सकाळी सात वाजल्यापासून मोजदाद सुरू होई. मटकी, पोहे, भाजणी, उटणे, कालनिर्णय, दिवाळी अंक, सारे एकाच सतरंजीवर! कोणाचे अर्धा किलो वाल कमी भरले, कोणाच्या पंचांगाचे मुखपृष्ठ मळले, यावरून लटके वाद होत. खरे म्हणजे त्या दिवशी जितके सभासद जमत, तितके आमच्या कोणत्याही व्याख्यानाला कधी जमले नाहीत. तेथे लग्ने जुळली, भाड्याची घरे मिळाली, नोकऱ्यांच्या वार्ता कळल्या. नवे जोडपे आले म्हणजे त्यांच्या यादीकडे पाहून ते कोकणातले की खानदेशातले, हे तराजू धरणारा ओळखीत असे.

परंतु वर्षातून एकदा येणाऱ्या खोक्यांवर संसार चालत नाही. तो चालला आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील एका लहान दुकानावर. दुकानदारांना सगळे ‘शेट्टरु’ म्हणत, आम्हीही तसेच म्हणू लागलो. दुकान दहा फूट रुंद. पुढे गोणपाटाची पोती, मागे पत्र्याचे डबे, वर सुतळीचे रीळ आणि बाजूस उधारीच्या वह्या. शेट्टरुंना मराठी येत नव्हते आणि आम्हांस कन्नड येत नव्हते. इंग्रजीत डाळीतांदळाचा व्यवहार त्यांना आवडत नसे. “एनु बेकु?” असे विचारून ते थांबत, आणि आम्ही बोटाने पोते दाखवीत असू.

एका एकादशीची गोष्ट सांगतो. खिचडीला शेंगदाणे हवे होते. शेजारच्या अज्जींनी आदल्या दिवशी कन्नड शब्द सांगितला होता, ‘कडलेकाई बीज’. दुकानापर्यंत पोहोचेतो त्यातला अर्धाच शब्द ध्यानात राहिला, आणि आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, “कडले, अर्धा किलो.” घरी येऊन पुडी सोडली तर आत हरभरे! एकादशीला हरभरे घेऊन आम्ही परत गेलो. शेट्टरुंनी पुडी उलगडून पाहिली, आमच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पोट धरून हसले. मग एका हाती हरभरा आणि दुसऱ्या हाती भुईमुगाची शेंग घेऊन त्यांनी आम्हांला धडा दिला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळाजवळ शेंगांची जी मोठी जत्रा भरते, तिचे ‘कडलेकाई परिषे’ हे नाव त्या दिवशी आम्हांला प्रथम उमगले.

असे करीत करीत आम्ही कन्नड शिकलो. पोहे म्हणजे अवलक्की, साबुदाणा म्हणजे सब्बक्की, तूरडाळ म्हणजे तोगरी बेळे, गूळ म्हणजे बेल्ल, पालेभाजी म्हणजे सोप्पु. कित्येक शब्द तर घरचेच निघाले. चिल्लर म्हणजे चिल्लरे, चकली म्हणजे चक्कुलि, कोशिंबीर म्हणजे कोसंबरी. करंजीसाठी बारीक रवा मागितला तेव्हा शेट्टरुंनी ‘चिरोटी रवे’ असे नाव सांगितले. आमच्या सणाच्या ताटातले पक्वान्न येथे रव्याच्या पोत्यावर बसले होते. गोड्या मसाल्यासाठी दगडफूल हवे होते आणि ते कसे सांगावे हा प्रश्न होता. शेवटी घरातला उरलेला तुकडा नेऊन दाखविला. शेट्टरु म्हणाले, “कल्लु हूवु.” कल्लु म्हणजे दगड आणि हूवु म्हणजे फूल. दोन भाषांनी एकाच वस्तूकडे एकाच दृष्टीने पाहिले होते, आणि आम्ही मात्र ती पेटीत भरून सहाशे मैलांवरून आणीत होतो.

कोकमाचीही तीच गत. रत्नागिरीहून जिवापाड जपून आणलेले कोकम संपले म्हणजे घरात सुतक पडल्यासारखे होई. पुढे कळले की मंगळूरकडच्या लोकांच्या दुकानात तेच फळ ‘पुनर्पुळी’ या नावाने मिळते. वालांचे तर विचारूच नका. थंडीच्या दिवसांत सारे बंगळूर ज्या अवरेकाळूसाठी वेडे होते, तो आपल्या वालपावट्याचाच सखा भाऊ. तो भिजवून, दाबून, साल काढून त्याची ‘हितकिद बेळे’ करतात, आणि आपली गृहिणी वाल मोड आणून सोलते. जानेवारीत व्ही. व्ही. पुरमकडे अवरेबेळ्यांचा मेळा भरतो, तेथे प्रथम गेलो तेव्हा डाळिंब्यांच्या वासाने आम्हांला एकदम चौल-रेवदंड्याच्या अंगणात नेऊन बसविले.

आणखी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. शेट्टरुंच्या मसाल्याच्या डब्यात लवंगेसारखी, पण तिच्याहून मोठी, काळपट कळी असे. बिसीबेळे भाताच्या मसाल्यात ती हवीच. तिचे नाव ‘मराठी मोग्गु’, म्हणजे मराठी कळी! सावरीच्या जातीच्या झाडाची ती वाळलेली कळी. आम्ही मंडळातल्या सर्व सुगरणींना विचारले. एकीच्याही मसाल्यात ती पडत नव्हती. आपल्या नावाची वस्तू आपल्यालाच अनोळखी, आणि परक्याच्या फोडणीत मात्र मानाने तडतडत होती. शेट्टरुंना याचे कोण आश्चर्य वाटले! “नीवु मराठी, गोत्तिल्लवा?” असे ते विचारीत राहिले. तेव्हापासून ती कळी आमच्या डब्यात आहे.

मुलीच्या शाळेच्या पुस्तकावरून आम्ही कन्नड अक्षरे गिरवू लागलो, तेव्हा पाटी-पुस्तकाबाहेर वाचलेली पहिली ओळ शेट्टरुंच्या उधारीच्या वहीतली होती. आमच्या पानाच्या माथ्यावर त्यांनी लिहिले होते, ‘मराठी मने’. क्षणभर आम्ही थबकलो. या अबोल गृहस्थाने आमच्या मनांविषयी काय लिहून ठेवले असावे? त्यांनी आमचा गोंधळ ओळखला असावा. समोरच्या आमच्या घराकडे बोट करून म्हणाले, “मने, मने.” कन्नडमध्ये मने म्हणजे घर. मराठी घर, एवढाच त्याचा अर्थ. तरी पहिला अर्थ आमच्या मनातून आजतागायत गेलेला नाही.

आता काळ कसा पालटला ते पाहू. १९८१ च्या जनगणनेत बंगळुराची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ८५ लाख झाली. मोठी दुकाने येथे पूर्वी नव्हती असे नाही. निलगिरीज हे नाव १९०५ सालचे, आणि ब्रिगेड रोडवरचे त्यांचे दुकान १९३६ पासूनचे. लोणी, पाव, चीज हवे असणारा साहेबी वर्ग तेथे जाई. आम्ही वर्षातून एकदा नाताळचा केक आणावयास जात असू. मावळ्ळीच्या एम. टी. आर. ने आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ च्या सुमारास, तयार पिठे विकावयास आरंभ केला, आणि पुड्यातून इडली निघू शकते हे लोकांना कळले. परंतु खरा पालट झाला तो १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर, आणि विशेषतः १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले तेव्हापासून. २००३ मध्ये मेट्रो या जर्मन घाऊक व्यापारी कंपनीने भारतातील आपली पहिली केंद्रे याच शहरात उघडली, त्यांतले एक आपल्या कनकपूर रस्त्यावर. २०२३ मध्ये तो व्यवसाय रिलायन्सकडे गेला. २०११ मध्ये याच शहरात बिगबास्केट निघाले आणि वाणी घरातल्या यंत्राच्या पडद्यावर आला.

आज जे. पी. नगरच्या एखाद्या मोठ्या दुकानात पाऊल टाका. इटलीचे ऑलिव्ह तेल, जपानी सोया सॉस, न्यूझीलंडचे किवी, अमेरिकेची सफरचंदे, थायलंडहून डबाबंद होऊन आलेले नारळाचे दूध. दाराबाहेर मद्दूरकडच्या शहाळ्यांचा ढीग घेऊन गाडीवाला उभा असतो, ही गोष्ट वेगळी! परदेशी बाटलीत दिसणारी लोणच्याची लहान काकडी कर्नाटकातल्या शेतांतूनच समुद्रापार जाते, हीही गंमतच. त्याच दुकानात, दोन ओळी पलीकडे, आपला गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, कोकम, इंद्रायणी तांदूळ सारे काही मांडलेले असते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा आमचे डोळे पाणावले, हे आम्ही लपवीत नाही. ज्या मसाल्याची पुडी आईच्या हातची म्हणून पेटीच्या तळाशी ठेवावी, ती येथे दिव्यांच्या झगमगाटात उभी होती. नातवंडांनी मागितलेली पास्त्याची पुडी आणि भाजणी एकाच टोपलीत घालून आम्ही घरी आलो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत मंडळाच्या याद्या रोडावल्या, आणि एका दिवाळीला लॉरी आलीच नाही. कोणी विचारलेही नाही.

येथे आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी माल आला म्हणून आम्ही गळा काढीत नाही. आपल्या फळीवर परदेशी काय आहे याचा हिशेब मांडला तर मोठा घोटाळा होईल. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून सेलमकडे तयार होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीदेखील अमेरिका खंडाचीच लेकरे. पोर्तुगीजांच्या काळात ती समुद्रावरून इकडे आली. राजगिराही तिकडचा. आज मोठ्या दुकानात क्विनोआ म्हणून जे धान्य भारी भावाने मिळते, ते त्याच्याच कुळातले. म्हणजे आपल्या सर्वांत सोवळ्या दिवशी आपले ताट जवळजवळ सगळे विलायती असते! आमटीला हिंग लागतो. तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इकडून येत राहिला आहे, आणि भारतात त्याची रोपे शास्त्रज्ञांनी लाहौलच्या खोऱ्यात प्रथम लावली ती २०२० मध्ये. तुरीची डाळ कलबुर्गीची म्हणून आपण घेतो. पण उत्पन्न कमी पडते तेव्हा ती म्यानमारहून आणि आफ्रिकेतून येते, आणि मोझांबिक देशाशी आपल्या सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी करारही केला. नाचणी आणि ज्वारी याही प्राचीन काळी आफ्रिकेतूनच आल्या. तात्पर्य, परक्या मुलखातून आलेली वस्तू येथल्या मातीत, येथल्या भाषेत, येथल्या फोडणीत मुरली की ती आपली होते. ‘रंगशंकरा’ हे शंकर नाग यांच्या स्मरणार्थ २००४ मध्ये उभे राहिलेले नाट्यगृह आपल्याच भागात आहे. तेथील उपाहारगृहातला साबुदाणा वडा कन्नड रसिक ज्या आवडीने खातात, ते पाहिले म्हणजे ही गोष्ट पटते.

माणसांचेही असेच असते, असे आम्ही समजत होतो. आणि इथेच आमची चूक झाली, ती आज तुमच्यासमोर कबूल करावयाची आहे.

मोठ्या दुकानात बोलावे लागत नाही. वस्तूवर नाव छापलेले, किंमत छापलेली. टोपलीत घालावी आणि यंत्रापुढे धरावी. पडद्यावर मागविताना तर तेवढेही श्रम नाहीत. सोय मोठी, भाव वाजवी, आणि वयोमानाने पिशवी उचलवत नाही. अशी कारणे देत आम्ही शेट्टरुंकडे जाणे कमी केले. प्रथम तेल-साबण तिकडून आले, मग डाळी, मग तांदूळ. शेवटी कधी अडीनडीला कोथिंबिरीची जुडी, एवढेच नाते उरले. रस्त्याने जाताना ते विचारीत, “ऊट आयता?” आणि आम्ही, “आयतु,” म्हणून पुढे जात असू.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदी पुकारली गेली. मोठ्या दुकानांपुढे रांगा लागल्या, पडद्यावर मागणी नोंदविण्यास जागा मिळेना. आम्ही दोघे सत्तरीच्या आगेमागे. घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी दूरध्वनी वाजला. शेट्टरु होते. काय हवे ते सांगा, मुलगा फाटकाशी ठेवून जाईल, एवढेच म्हणाले. आम्ही यादी सांगितली, तोगरी बेळे, अवलक्की, बेल्ल, सासिवे. सदतीस वर्षांपूर्वी बोटाने पोती दाखविणारी माणसे फोनवर घडाघडा कन्नड बोलत होती, आणि ते त्यांनीच शिकविलेले होते.

त्याच आठवड्यात आपल्या मंडळातल्या काही तरुण कुटुंबांचे फोन आम्हांला आले. जवळचे लहान दुकान उघडे आहे, पण दुकानदाराला काय सांगावे ते समजत नाही. काका, तुम्ही बोलाल का? ही मुले कर्तबगार आहेत, येथे आठ-आठ, दहा-दहा वर्षे राहिली आहेत. परंतु त्यांना कन्नड बोलण्याची गरज कधी पडलीच नव्हती. त्यांचा दोष म्हणावा तर कसा? आमची गरज एकादशीच्या शेंगदाण्यांनी भागविली. त्यांच्यापुढे तशी एकादशीच आली नाही. आम्ही सात कुटुंबांच्या याद्या कन्नडमध्ये सांगितल्या. शेट्टरुंनी त्या सातही लिहून घेतल्या.

२०२२ मध्ये त्यांनी दुकान बंद केले. वय झाले होते, आणि धंदा पूर्वीसारखा राहिला नव्हता. शेवटच्या दिवशी हिशेब मिटविण्यास या, असा निरोप आला म्हणून गेलो. त्यांनी वही काढली. माथ्यावर तेच शब्द, ‘मराठी मने’. खाली जुन्या नोंदींनी भरलेली पाने. मग २०१४ च्या सुमारास नोंदी विरळ होत जातात आणि थांबतात. मग कोरी जागा. मग एप्रिल आणि मे २०२० ही दोन पाने गच्च भरलेली. त्यानंतर पुन्हा कोरे. आमच्याकडे एक पैसाही बाकी नव्हती. ते काही बोलले नाहीत, त्यांनी पानावर आडवी रेघ मारली, सही केली, आणि विचारले, “ऊट आयता?” आम्हांला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. टाळेबंदी उठली आणि आम्ही पुन्हा पडद्याकडे वळलो होतो, हे त्या कोऱ्या पानाने आम्हांला दाखविले.

एका वाण्याचे दुकान बंद झाले, याने जग बुडत नाही. अशी दुकाने अजूनही गल्लोगल्ली आहेत, आणि मोठ्या दुकानांनी पुष्कळांना रोजगार दिला आहे. आम्हांला काळजी आहे ती वेगळीच. मंडळाच्या सतरंजीवर मराठी माणूस मराठी माणसाला भेटत होता, आणि शेट्टरुंच्या दुकानात तो कन्नड माणसाला भेटत होता. दोन्ही ठिकाणी त्याला कोणाची तरी गरज होती. आज सर्व काही मिळते, आणि गरज म्हणून कोणाची उरत नाही. घरात मराठी, कचेरीत इंग्रजी, आणि दोहोंच्या मध्ये जो गाव आहे त्याच्याशी बोलण्याची भाषाच नाही. अशा स्थितीत वीस वर्षे राहूनही माणूस पाहुणाच राहतो. आणि पाहुणा अडचणीच्या दिवशी कोणाला हाक मारणार?

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही मंडळापुढे तीन लहान सूचना ठेवतो.

पहिली अशी, की मंडळाने वाणसामानाची एक शब्दपुस्तिका काढावी. एका रकान्यात मराठी नाव, दुसऱ्यात कन्नड नाव देवनागरीत, तिसऱ्यात तेच कन्नड लिपीत. शंभर शब्दही पुरेत. शब्द गोळा करण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ. कडले आणि कडलेकाई यांत गल्लत होणार नाही, एवढी हमी देतो.

दुसरी अशी, की नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी महिन्यातून एका रविवारी गांधी बाजारची फेरी काढावी. मुलांनी यादी हातात घ्यावी, स्वतः भाव विचारावा, चुकावे, हसे करून घ्यावे. फुलांचा गजरा येथे ‘मोळ’ म्हणून हाताच्या मापाने मोजतात. तो मोजून घेताना मुलाला जी भाषा येईल, ती शिकवणीने येणार नाही.

तिसरी संक्रांतीची. आपण हळदीकुंकू करतो, वाण देतो, तिळगूळ वाटतो. त्याच दिवशी शेजारच्या घरातील मुली नवी वस्त्रे नेसून तबकात तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे, डाळे आणि साखरेची चित्रे घेऊन ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटत फिरतात. तीळगूळ खा आणि चांगले बोला, असेच तेही म्हणतात. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच अर्थाचे बोल दोन भाषांत चालतात आणि मध्ये भिंत असते. येत्या संक्रांतीला आपल्या हळदीकुंकवाचे आमंत्रण आळीतल्या प्रत्येक कन्नड घराला जावे, आणि वाण म्हणून मसाल्याची पुडी द्यावी. तीत दगडफूल असावे आणि मराठी मोग्गुही असावा.

मंडळाच्या कपाटात तो जुना तराजू अजून आहे, हे परवा कार्यवाहांनी सांगितले. पारडी काळवंडली आहेत, काटा किंचित एका बाजूस जातो. त्या पुड्या बांधण्याच्या दिवशी तो बाहेर काढावा, त्याला तेल द्यावे, आणि सतरंजी पुन्हा अंथरावी. आम्ही सकाळी सात वाजता येऊ. शेट्टरु आता आपल्या मुलाकडे राहतात, येथून फार दूर नाही. पुड्या वळण्याच्या कामात त्यांच्या हाताची सर आम्हांपैकी कोणालाच येणार नाही. म्हणून त्यांनाही त्या दिवशी बोलवावे, आणि निमंत्रण कन्नडमध्ये लिहावे, अशी विनंती आहे. खाली आमचे नाव नसले तरी चालेल. ‘मराठी मने’ एवढे लिहिले की त्यांना कळेल.